वाचकांचे प्रश्न : छोटं लेबल चालवलं, आता सिनेमाचं संगीत सांभाळायचंय

या महिन्यात गाण्यांचे हक्क, सिनेमा आणि छोटी लेबलं यावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. पहिलं पत्र मला सगळ्यात जवळचं वाटलं म्हणून त्याला जरा जास्त जागा देतेय.

प्रश्न : नमस्कार ताई. मी आणि माझा मावसभाऊ मिळून गेली सात वर्षं एक छोटं म्युझिक लेबल चालवतो, मराठी इंडी (मोठ्या कंपनीशिवाय निघणारं संगीत), थोडं हिपहॉप, गावाकडच्या बायकांची ओव्या-गाणी रेकॉर्ड करून ती पण टाकतो. एकोणीस रिलीज झालेत, पैसा फार सुटत नाही पण लोक ओळखतात. आता एका दिग्दर्शकाने विचारलंय की माझ्या पिक्चरला म्युझिक सुपरवायझर म्हणून ये, म्हणजे पिक्चरमधली गाणी शोधणं, त्यांचे हक्क मिळवणं सगळं सांभाळ. मला जावंसं वाटतंय पण भाऊ म्हणतो स्वतःचं लेबल असताना दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये गाणी लावत बसणं म्हणजे पायरी उतरणं. असं कुणी आधी केलंय का? आणि मला जमेल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : भावाचं म्हणणं मला पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. असं केलेली माणसं आहेत आणि त्यातल्या एकाबद्दल मी भेटेल त्याला सांगत असते, तो म्हणजे स्कॉटलंडचा बॉब लास्ट.

हा एडिनबराचा. आर्किटेक्चर शिकायला गेला, ते सोडलं, तिथल्याच रेझिलोज नावाच्या बँडबरोबर टूरची कामं करायला लागला. त्याची जोडीदार हिलरी मॉरिसन, तिने त्याला बझकॉक्स या बँडची एक ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, भेट दिली, 'स्पायरल स्क्रॅच', जी त्या पोरांनी कुठल्याही मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच काढली होती. ती हातात घेतल्यावर याला वाटलं, अरे हे आपल्यालाही करता येईल की. आणि मग त्याने काय केलं तर गाणी शोधायच्या आधी लेबलचं नाव ठरवलं, फास्ट प्रॉडक्ट, त्याचं डिझाइन, त्याची भाषा, सगळं आधी. बँड नंतर आले. जानेवारी १९७८ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, लीड्सच्या मेकॉन्सची. वाजवणं इतकं कच्चं होतं की लंडनच्या रफ ट्रेडवाल्यांनी आधी ती दुकानात ठेवायलाच नको म्हटलं, आणि मग एनएमई या साप्ताहिकाने तिलाच आठवड्याचं सर्वोत्तम सिंगल ठरवलं.

पुढच्या दोनेक वर्षांत या एका फ्लॅटमधून चालणाऱ्या लेबलने काय काय काढलं बघा. गँग ऑफ फोरची पहिली रेकॉर्ड, शेफील्डच्या ह्युमन लीगची पहिली रेकॉर्ड, डेड केनेडीजचं पहिलं सिंगल ब्रिटनमध्ये यांनीच आणलं. ह्युमन लीगचं ते 'बीइंग बॉइल्ड' घरगुती टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड झालेलं, गाण्याचा विषय काय तर रेशमासाठी किडे उकळतात तो. हे ऐकून कुणी म्हणेल का की पुढे चार वर्षांनी हेच गाणं पुन्हा बाजारात येऊन ब्रिटनमध्ये सहाव्या नंबरपर्यंत जाईल? १९८२ मध्ये गेलं.

आता तुम्हाला हे सगळं का सांगतेय ते. गँग ऑफ फोरच्या पोरांनी पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरसाठी बॉबला पत्र पाठवलं, सोबत पेपरमधलं बैल आणि मॅटाडोरच्या झुंजीच्या फोटोचं कात्रण, आणि कव्हर कसं पाहिजे त्याच्या सूचना. बॉबने त्या सूचना पाळल्या नाहीत. त्याने ते पत्र आणि ते कात्रण, जसंच्या तसं, कव्हरवरच छापलं. मी ते कव्हर पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा कितीतरी वेळ उलटंपालटं करून बघत बसले होते, कारण आत जे गाणं आहे ते बाहेरच्या त्या पत्रामुळे वेगळं ऐकू येतं. याच लेबलने एकदा गाणं नसलेलीच वस्तू विकायला काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत झेरॉक्स काढलेली कोलाजं आणि संत्र्याची साल, आणि तिला रेकॉर्डसारखाच कॅटलॉग नंबर दिला. कुणाला वेडेपणा वाटेल, मला नाही वाटत. हा माणूस पहिल्यापासून एकच गोष्ट करत होता, गाण्याच्या शेजारी काय ठेवलं की गाणं बदलतं ते शोधत होता. सिनेमात गाणं लावणं म्हणजे दुसरं काय असतं सांगा?

मधली गोष्ट थोडक्यात. १९८० मध्ये ह्युमन लीग फुटला, नाव गायक फिल ओकीकडे राहिलं, बाहेर पडलेल्या दोघांनी पुढे हेवन सेव्हन्टीन हा बँड काढला, आणि बॉब दोन्हीकडचा मॅनेजर राहिला. १९८१ च्या नाताळात ह्युमन लीग ब्रिटनमध्ये एक नंबरला होता. म्हणजे करार, रॉयल्टी, मोठ्या कंपन्यांशी भांडणं, भांडलेल्या मित्रांमध्ये बसून दोघांचं ऐकणं, हे सगळं त्याने जवळून केलं. आणि मग तो सिनेमाकडे वळला.

टेरेन्स डेव्हिसचा 'द लाँग डे क्लोजेस' हा सिनेमा १९९२ चा, त्याच्या संगीताच्या श्रेयात रॉबर्ट लॉकहार्टबरोबर बॉब लास्टचं नाव आहे. लिव्हरपूलमधला अकरा वर्षांचा मुलगा, साल १९५५-५६, घर, शाळा, चर्च आणि थिएटर, बस इतकंच. गोष्ट अशी फारशी नाहीच, गाण्यांवर सगळं उभं आहे. त्यातला एक तुकडा मी तुम्हाला आजच बघा म्हणेन. मुलगा घरासमोर लोखंडी दांड्याला लोंबकळतोय, कॅमेरा बरोबर वरून खाली बघतोय, डेबी रेनॉल्ड्सचं 'टॅमी' चालू होतं, आणि कॅमेरा तसाच वरून सरकत जातो, थिएटरातली माणसं, प्रोजेक्टरच्या झोतातला धूर, मग चर्चची बाकडी, मग वर्ग, आणि गाणं मध्ये कुठेही तुटत नाही, पूर्ण वाजतं. त्या मुलाचं अख्खं आयुष्य तीनेक मिनिटांत त्या गाण्याखालून जातं. खरं तर 'टॅमी' १९५७ चं आहे, म्हणजे गोष्टीनंतरचं, पण ते बघताना कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

आता मुद्दा असा की डेव्हिस आपल्या पटकथेतच गाणी लिहून ठेवायचा. कुठे कुठलं गाणं, कॅमेरा कसा हलणार, सगळं कागदावर. म्हणजे ज्या माणसाने स्वतःच्या लेबलवर बँडने पाठवलेल्या सूचना बाजूला ठेवल्या होत्या, तोच माणूस आता अशा दिग्दर्शकासोबत काम करतोय की ज्याने गाणी आधीच निवडलीत. अशा वेळी सुपरवायझरचं काम आपली आवड दाखवायची राहत नाही, समोरच्याला जे ऐकू येतंय ते पडद्यापर्यंत पोचवायचं, परवानग्या, पैसे, कुठली आवृत्ती, किती सेकंद, सगळं. मला यात पायरी उतरणं कुठेच दिसत नाही. उलट मला वाटतं ऐकणारा माणूस म्हणून तो इथे मोठा झाला. नंतर तो निर्मितीतच गेला, डेव्हिसच्या 'द हाउस ऑफ मर्थ'चा (२०००) एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर होता, आणि सिल्व्हाँ शोमेचा 'द इल्यूजनिस्ट' (२०१०) हा अॅनिमेशनपट, जॅक तातीच्या न झालेल्या पटकथेवरचा, त्याचा तो निर्माता. त्या सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि त्यातलं शहर एडिनबराच आहे, १९५९ चं. फिरून माणूस आपल्या गावाच्या चित्रात आला, हे मला फार आवडतं.

आता तुमचं. तुमच्याकडे काय आहे ते बघा. सात वर्षं तुम्ही गायकाकडून, गीतकाराकडून कागदावर सह्या घेताय, त्यामुळे कुठला हक्क कुणाकडे हे तुम्हाला पाठ आहे, हे फिल्म लाइनमधल्या भल्याभल्यांना माहीत नसतं. ओव्या म्हणणाऱ्या बायकांना घरी जाऊन रेकॉर्ड केलंय म्हणजे माणसाला मोकळं कसं करायचं ते येतं. आणि कमी पैशात काम उरकायची सवय आहेच. जमेल.

एकच गोष्ट अवघड जाईल. पहिल्याच मीटिंगला तुमच्या मनात येईल की इथे आपलं ते गाणं काय बसेल, आणि ते खरंच बसत असेल सुद्धा, पण तुम्ही स्वतःच निवडणार आणि स्वतःच विकणार असं होतं तिथे. म्हणून दिग्दर्शक आणि निर्माता दोघांना आधीच लेखी सांगा की हे माझ्या लेबलचं आहे, आणि शेजारी दुसऱ्यांची निदान दोन गाणी ठेवा, त्याच सीनवर लावून दाखवा, कुठलं कुणाचं ते न सांगता. तुमचं निवडलं गेलं तर निर्मात्याशी पैशाचं बोलणं भावाला करू दे, तुम्ही नको. त्याला पण कळेल हे काम काय आहे ते.

प्रश्न : म्युझिक सुपरवायझर म्हणजे संगीत दिग्दर्शकाच्या वरचा का खालचा? आमच्या इथे शॉर्टफिल्म करणारे सगळे यावरून वाद घालतात.
(एक वाचिका, नागपूर)

उत्तर : वर नाही, खाली नाही, शेजारी. संगीतकार नवीन संगीत करतो. सुपरवायझर सिनेमात जे जे संगीत येतंय त्या सगळ्याचं बघतो, म्हणजे आधीपासून असलेली गाणी शोधणं, त्यांचे हक्क मिळवणं, बजेट, कुठल्या सीनला संगीत हवं आणि कुठे अजिबात नको हे दिग्दर्शकाबरोबर बसून ठरवणं (याला स्पॉटिंग म्हणतात), कधी संगीतकारच शोधून आणणं, आणि शेवटी क्यू शीट, म्हणजे कुठलं संगीत कुठे किती वाजलं त्याचा तक्ता, भरणं.

आपल्याकडे हे पद उशिरा आलं याचं कारण साधं आहे. आपल्या सिनेमात गाणी त्या सिनेमासाठीच नवीन बनतात आणि रिलीजच्या आधी म्युझिक कंपनी ती घेऊन टाकते, त्यामुळे बाहेरचं गाणं शोधून आणायची वेळच कमी यायची. ओटीटी आल्यावर आणि शहरातल्या तरुण पोरांच्या गोष्टी यायला लागल्यावर ते बदललं. 'गली बॉय' (२०१९) आठवा, त्यात अंकुर तिवारी म्युझिक सुपरवायझर होता, तो स्वतः गाणी लिहिणारा-गाणारा, आणि तिथे एक संगीतकार अख्खा सिनेमा करतोय असं नव्हतंच, कितीतरी रॅपर, प्रोड्युसर, बीट करणारी पोरं, त्या सगळ्यांना एका सिनेमात आणून एकसंध ऐकू आलं पाहिजे. ते काम कुणीतरी करावंच लागतं. अमेरिकेत या लोकांची स्वतःची गिल्ड, म्हणजे संघटना, २०१० मध्ये झाली, आणि टीव्हीच्या एमी पुरस्कारांत म्युझिक सुपरव्हिजनचा विभाग २०१७ पासून आहे. म्हणजे तिकडेही फार जुनी गोष्ट नाहीये.

प्रश्न : जुनं भावगीत साठ वर्षांनी फुकट होतं असं ऐकलंय. मला माझ्या डॉक्युमेंटरीत एक घ्यायचंय, साठ वर्षं होऊन गेलीत. घेऊ का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : थांबा, घेऊ नका. अर्धवट ऐकलेल्या या एका वाक्यामुळे मी लोकांचे सिनेमे अडकलेले बघितलेत.

एका गाण्यात तीन गोष्टी असतात, शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग, आणि तिन्हींचं घड्याळ वेगळं चालतं. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगची साठ वर्षं ती प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. शब्दांची साठ वर्षं गीतकार गेल्यानंतर सुरू होतात आणि चालीची संगीतकार गेल्यानंतर, तीही पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घ्या, गीतरामायण. पुणे आकाशवाणीवरून ते १९५५ च्या १ एप्रिलला सुरू झालं. समजा त्यातल्या एखाद्या गाण्याची रेकॉर्ड १९६४ साली बाजारात आली असेल तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क २०२४ अखेर संपला. पण गदिमा गेले डिसेंबर १९७७ मध्ये, म्हणजे शब्द २०३७ संपेपर्यंत हक्कात आहेत, आणि बाबूजी, सुधीर फडके, गेले जुलै २००२ मध्ये, म्हणजे चाल २०६२ संपेपर्यंत. रेकॉर्डिंग मोकळं असलं तरी गाणं मोकळं नाही. आणि हे फक्त भारतातलं. ब्रिटनच्या कायद्यात साधारणपणे साठऐवजी सत्तर वर्षं आहेत, त्यामुळे डॉक्युमेंटरी बाहेरच्या फेस्टिवलला किंवा जगभर ओटीटीवर जाणार असेल तर तिथलं वेगळं बघावं लागतं.

तुकाराम महाराजांचा अभंग असेल तर शब्द सगळ्यांचे, पण तुम्ही जी चाल ऐकत मोठे झालात ती कुणीतरी लावलेली आहे.

आता मी स्वतःचं एक सांगते. माझं पुण्यातलं छोटं लेबल बंद करून मी या कामात आले तेव्हाच्या पहिल्या काही सिनेमांतली गोष्ट. एक जुनी कविता, गाणं झालेली, सीनमध्ये रेडिओवर वाजत होती. निर्मात्याच्या ऑफिसातून सांगितलं गेलं की कंपनीकडून रेकॉर्डिंग घेतलंय, झालं, पुढे चला. मी नवीन होते, मान हलवली. फायनल मिक्सला, म्हणजे सिनेमाचे सगळे आवाज शेवटचे एकत्र बसवायला, आठ दिवस राहिले तेव्हा कळलं की कवीचे हक्क त्यांच्या मुलीकडे आहेत आणि त्यांना कुणी साधा फोनसुद्धा केलेला नाही. मी सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेले. बाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. मी पैशाचं बोलायला लागले तर म्हणाल्या, आधी दाखव कसं लावलंय. मी लॅपटॉपवर सीन दाखवला. पहिला अंतरा संपतो, मुलगी रेडिओ बंद करते, सीन संपतो. त्यांनी आतून एक वही आणली, तांबडे पुठ्ठे, पानं पिवळी, त्यात ती कविता त्यांच्या वडिलांच्या अक्षरात, आणि दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलेली. म्हणाल्या, "दादांनी पहिल्या अंतऱ्यात जे म्हटलंय ते दुसऱ्यात परत घेतलंय. तुम्ही मध्येच बंद केलंत तर ते म्हणायचे नव्हते तेच त्यांच्या तोंडी राहील."

आम्ही ते गाणं कितीतरी महिने रोज ऐकत होतो, दिग्दर्शक, एडिटर, मी, आणि आमच्यापैकी एकालाही हे दिसलं नव्हतं. मी तिथूनच एडिटरला फोन केला. रेडिओ बंद करायचा शॉट अकरा सेकंद पुढे ढकलला, मुलगी आधी खिडकीशी जाते असा एक शॉट पडून होता तो मध्ये घातला. बाईंनी सही केली, पैसे आम्ही जे म्हणत होतो तेवढेच घेतले. त्यानंतर मी कुठल्याही गाण्याचा तुकडा पडलेला असेल तर आधी पूर्ण कविता छापून घेते आणि एडिटच्या टेबलावर ठेवते.

तुमच्या भावगीतासाठी पण हेच करा. रेकॉर्डिंग कुणाचं ते रेकॉर्डच्या लेबलवर किंवा कॅसेटच्या कव्हरवर असतं, गीतकार-संगीतकार किंवा त्यांचे वारस आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी) सभासद आहेत का ते विचारा, आणि घरचा पत्ता मिळत असेल तर पत्र टाकून थांबू नका, भेटायला जा.

प्रश्न : तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर परवानगी लागत नाही ना?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : लागते. असा नियम कायद्यात कुठेच नाहीये, पाच सेकंद वापरलं तरी विचारा.

प्रश्न : ताई, मी नाशिकमध्ये माझ्या बँडची गाणी स्वतःच रिलीज करते. एका फिल्मवाल्यांनी एक गाणं मागितलंय, म्हणाले फेस्टिवल फिल्म आहे, बजेट नाही, एनओसीवर सही करून द्या. एनओसी एका पानाची आहे आणि त्यात "सर्व माध्यमे, संपूर्ण जग, कायमस्वरूपी" असं लिहिलंय. काय करू? संधी घालवायची नाहीये.
(एक वाचिका, नाशिक)

उत्तर : संधी जाणार नाही, पण या कागदावर सही करू नकोस. (वयाने लहान वाटलीस म्हणून अगं म्हणतेय, राग मानू नकोस.) फेस्टिवलचं कारण सांगून कायमचं सगळं मागणं चुकीचं आहे, त्यांना कदाचित ते कळत पण नसेल, कुठून तरी नमुना उचलला असेल.

त्यांना सांग की फेस्टिवलसाठी मी देते, एक किंवा दोन वर्षांसाठी, हवं तर नाममात्र पैशात, आणि त्याच कागदावर आत्ताच लिहून ठेवू की फिल्म ओटीटीला किंवा थिएटरला विकली गेली तर अमुक इतके, टीव्हीला गेली तर अमुक इतके. हे आधी ठरलेलं असलं की त्यांचाही फायदा, कारण ओटीटीवाला कागद मागतो तेव्हा फिल्मवाल्यांची रात्रीची झोप उडते, आणि त्या वेळी तू किती मागशील हे त्यांना माहीत नसतं. आधी ठरलं असेल तर दोघंही निवांत.

गाणं तुझं, रेकॉर्डिंग पण तुझं, म्हणून तू दोन गोष्टी देतेयस हे कागदात वेगवेगळं दिसू दे. एक सिंक, म्हणजे शब्द-चाल चित्राला जोडायची परवानगी, आणि दुसरं मास्टर, म्हणजे हे रेकॉर्डिंग वापरायची. बँडमधल्या बाकीच्यांनी चाल करण्यात हात लावलाय का? असेल तर कुणाचे किती टक्के ते आजच चौघांनी बसून एका कागदावर लिहा, सह्या करा, मैत्री चांगली आहे तेव्हाच हे होतं.

आणि क्यू शीट मागून घे. त्यात गाण्याचं नाव, लिहिणारी, चाल लावणारी, हक्क कुणाचा, किती सेकंद वाजलं, समोर गाताना दिसतंय का मागे वाजतंय, हे सगळं असतं, आणि ते आयपीआरएसकडे गेलं तरच पुढे टीव्हीवर किंवा स्ट्रीमिंगवर वाजल्याचे पैसे गीतकार-संगीतकारापर्यंत यायचा रस्ता तयार होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमात गेलेल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला, थिएटर सोडून बाकी ठिकाणच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला लिहून देताच येत नाही, तो फक्त वारसांना किंवा सोसायटीला देता येतो. म्हणजे उद्या कुणी तुला म्हणालं की रॉयल्टी सोडल्याचं लिहून दे, तर तो कागद कायद्यापुढे टिकत नाही. यासाठी त्या वेळी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते, बऱ्याच गीतकारांनी वर्षानुवर्षं सोसल्यावर ते मिळालंय, त्यामुळे ते वापर.

प्रश्न : आमच्याकडे तीस-पस्तीस गाणी तयार आहेत. सुपरवायझर लोकांना पाठवायची तर नेमकं काय पाठवायचं? मेलला उत्तरच येत नाही.
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तीस-पस्तीस एकदम पाठवू नका, मी स्वतः उघडत नाही. तीन पाठवा. लिंक पाठवा, फाइल जोडू नका, आणि प्रत्येक गाण्यासमोर एक ओळ, गाणं कशाबद्दल आहे आणि कसं वाटतं ती. "खूप सुंदर रोमँटिक गाणं" असं नको. "पावसात बस बंद पडलीय, मित्र भांडलेत, कुणी बोलत नाहीये" असं लिहिलंत तर माझ्या डोक्यात लगेच कुठला तरी सीन येतो.

आवाजाशिवायची, नुसत्या वाद्यांची आवृत्ती तयार ठेवा. संवाद चालू असताना गाण्यातले शब्द आड येतात, त्या वेळी तीच उपयोगी पडते, आणि मिक्स संपून प्रोजेक्ट डिलीट केलं असेल तर परत करणं जवळजवळ अशक्य होतं, म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशीच काढून ठेवा. फाइलच्या नावात गाण्याचं नाव, बँडचं नाव आणि फोन नंबर. हे किती साधं आहे, पण "फायनल_नवीन_३" नावाची फाइल दोन वर्षांनी सापडते, गाणं सीनला अगदी चपखल बसतंय, आणि ते कुणाचं आहे तेच कळत नाही, असं माझ्याबरोबर दोनदा झालंय. एकदा शोधता शोधता बारा दिवस गेले, बँडवाले सापडले तेव्हा सीनला दुसरं गाणं लागून गेलं होतं. ते पहिलं गाणं अजून माझ्या फोनमध्ये आहे.

हक्क कुणाकडे ते मेलमध्येच लिहा, "शब्द, चाल, रेकॉर्डिंग तिन्ही आमच्याकडे, एका सहीत मिळेल" हे एक वाक्य फार जड आहे, कारण मिक्स तोंडावर आलेला असताना ज्याचं गाणं एका सहीत मिळतं त्याचं आधी बघितलं जातं. उत्तर आलं नाही तर महिनाभराने एकदा आठवण करा, आणि मध्ये नवीन काही झालं तर तेवढंच कळवा.